कारभार चांगला, पण अधिकार कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिक महापालिकेतल्या प्रशासकीय राजवटीचं कौतुक करणारं पत्र आपल्या अंकात गेल्या आठवड्यात वाचलं. नगरसेवक नव्हते तेव्हा सभागृहात गोंधळ नव्हता, फायली भराभर सरकत होत्या, मग निवडणुकीवाचून अडलं काय होतं, असा त्याचा सूर. कॉलेज रोडच्या कट्ट्यावरही हेच ऐकू येतं, म्हणून लिहितो. नगरसेवकांबद्दल माझंही प्रेम काही उतू जात नाही, हे आधीच सांगून टाकतो.

हा विचार जुनाच आहे. इंग्लंडमधली यादवी पाहिलेल्या टॉमस हॉब्ज या तत्त्वज्ञाने १६५१ मध्ये तो खणखणीतपणे मांडला: अराजकापेक्षा खंबीर सत्ता बरी, आणि ती संरक्षण देते तोवर प्रजेने तिचं ऐकावं. पण हॉब्जच्याही सत्तेच्या मुळाशी लोकांचा आपापसातला करार आहे. आपल्या महाभारताच्या शांतिपर्वात मात्स्यन्यायाने, म्हणजे मोठा मासा लहानाला गिळतो तशा बळजोरीने, गांजलेले लोक राजा हो म्हणून मनूकडे येतात. तो आधी नकार देतो. मग पशू आणि सोन्याचा पन्नासावा, धान्याचा दहावा वाटा कबूल करून ते त्याला राजी करतात. बौद्धांच्या अग्गञ्ञ सुत्तातला पहिला राजा महासंमत तर लोकांनीच निवडलेला, भाताच्या वाट्यावर नेमलेला. म्हणजे आधी लोकांचा शब्द, मग सिंहासन. पत्रलेखकांनी हा क्रम उलटा केला आहे: काम बरं झालं, तेव्हा अधिकार होताच.

यावर कोणी म्हणेल, नाशिककरांनी तक्रार न करता घरपट्टी भरली, ती मूक संमतीच नाही का? जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाचं म्हणणं असंच होतं. देशातल्या रस्त्यावरून नुसता चालणाराही तिथल्या सरकारला मूक संमती देतो, असं तो लिहून गेला. (नाशिकच्या कोंडीभरल्या द्वारका चौकातून संध्याकाळी गाडी काढणाऱ्याने नेमकी कशाला संमती दिली, हे लॉकला विचारायला हवं होतं.) डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४८ मध्ये याची हवाच काढून घेतली. झोपेत जहाजावर आणून टाकलेला माणूस समुद्रात उडी मारत नाही, एवढ्यावरून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली असं कसं म्हणायचं? त्याच्या मते बहुतेक राजवटी बळाने किंवा बळकावून सुरू होतात आणि पुढे सवयीने टिकतात. लोक ऐकतात, कारण काल ऐकलं होतं.

मला भीती वाटते ती या सवयीची. पूर्वापार चालत आलं की ते हक्काचं वाटू लागतं, हे नाशिकने पाहिलं आहे. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दार अडवणाऱ्यांची भिस्त वहिवाटीवरच होती. दादासाहेब गायकवाडांनी आणि सत्याग्रहींनी पुढे काही वर्षं तो लढा चालवला, पण दार उघडलं नाही.

प्रशासक बेकायदा होते, असं मी म्हणत नाही. त्यांना राज्य सरकारने नेमलं आणि राज्य सरकार निवडून आलेलं, ही साखळी मला मान्य आहे. पण आमदार निवडताना मी माझ्या प्रभागातल्या गटारीचं मुखत्यारपत्र कोणाला लिहून दिलं नव्हतं. राज्य सरकारं पालिका बरखास्त करून वर्षानुवर्षं निवडणुका टाळत, म्हणूनच तर ७४वी घटनादुरुस्ती आली. अनुच्छेद २४३-यू नुसार पालिकेची मुदत 5 वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. नाशिकची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या खटल्यांत तीन वर्षांहून अधिक काळ गेला. त्या काळात आयुक्तच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव मांडणारेही तेच आणि स्थायी समितीच्या अधिकारात तो मंजूर करणारेही तेच. गोंधळ होणार कसा? बोलायलाच कोणी नव्हतं.

या काळात प्रशासकांनी मंजूर केलेल्या सगळ्या ठरावांची यादी रकमेसह महापालिकेने संकेतस्थळावर टाकावी आणि लोकनियुक्त महासभेपुढे चर्चेला ठेवावी, अशी माझी मागणी आहे. कुंभमेळ्याच्या कामांपासून सुरुवात केली तरी चालेल.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक