चंद्राची एकोणीस अंडी

इंदूर, रविवार

प्रिय नीलू,

पाच महिने पत्र नाही, फोनही दर वेळी तूच करतेस. माझा गुडघा बरा आहे, आईचं बीपी गोळीने ताब्यात आहे. पुढचं मात्र तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

देपालपूरकडच्या एका आजोबांची चंद्रा, गीर गाय, चौदा वर्षांची. गाभण राहीना, म्हणून तिची अंडी काढून लॅबमध्ये भ्रूण करायचं ठरलं. आपल्याकडे गोहत्याबंदी, त्यामुळे कत्तलखान्यातून गाईची अंडाशयं मिळायचा प्रश्नच नाही. सोनोग्राफीवर बघत बघत जिवंत गाईतून सुईने ओढलेलं एकेक अंडं मोलाचं. एकोणीस मिळाली. आजोबा दाराशी टोपी हातात धरून उभे होते.

डिश 38.5 अंशांवर, 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवली. बावीस तासांनी मायक्रोस्कोपखाली घेतली आणि पोटात गोळा आला. अंड्याभोवतीच्या पेशी भिजलेल्या साबुदाण्यासारख्या फुलून मोकळ्या व्हायला हव्या होत्या. त्या तशाच, अंड्याला घट्ट बिलगलेल्या. मीडियात, म्हणजे अंडी पिकवायच्या द्रावणात, घातलेलं एफएसएच हे हार्मोन लागलंच नव्हतं. ते काम करतं या पेशींवर, मग त्या हायल्युरोनिक आम्ल तयार करतात आणि फुलतात. (आणि एलएच हे दुसरं हार्मोन घालायचं का? बाई, ते भांडण तू जिंकलीस. लहान फॉलिकलच्या, म्हणजे अंडं वाढतं त्या पिशवीच्या, पेशींवर त्याचे रिसेप्टर जवळपास नसतातच. आता तरी माझी निळी वही परत कर.)

चार अंडी सोलून पाहिली, तीन अंड्यांत पोलर बॉडी, म्हणजे केंद्रक पिकल्याची खूण, होती. फॉलिकलबाहेर काढलं की अंडं आपणहून पिकायला लागतं, हे पिंकस या संशोधकाने 1935 मध्येच सशांवर दाखवलं होतं. पण केंद्रक पिकलं तरी आतला बाकीचा गाभा कच्चा राहू शकतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. फलनानंतर सातव्या दिवशी एकही ब्लास्टोसिस्ट, म्हणजे गर्भाशयात ठेवण्याजोगा भ्रूण, नव्हता.

नीलू, एफएसएचच्या कुप्यांचा डबा मीच टेबलावर विसरले होते. दुपारभर. वितळलेला दिसला तसा गुपचूप फ्रीझरमध्ये परत ठेवला. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही, हे नव्या मुलीला पहिल्याच दिवशी मीच बजावलं होतं. मीडिया तिने बनवला होता, म्हणून मॅडम सगळ्यांदेखत तिला बोलल्या. "ताई, मी मोजून घातलं होतं हो," ती म्हणाली, माझ्याकडे बघून. मी नोंदवही चाळत राहिले.

म्हाताऱ्या गाईची अंडी तशीही कमकुवत, असं आठवडाभर मनाला समजावतेय. पण रात्री तो डबाच दिसतो. होस्टेलच्या दिवसांत इन्क्युबेटरचं दार माझ्या हातून उघडं राहिलं आणि सरांसमोर तू पुढे झालीस. त्यानंतर दोन महिने मी तुझ्याशी बोलले नाही. तुला वाटलं मी आखडले. अगं, मला तुझ्याकडे बघवत नव्हतं.

उद्या आधी त्या मुलीला सांगणार, मग मॅडमना, आणि नोंदवहीत तारखेसह माझ्या नावाने लिहिणार. आजोबांनाही फोन करायचाय. चंद्राची अंडी पुन्हा काढता येतील, तो खर्च मी देईन.

चिरंजीवांची दहावी कशी गेली? नव्या घरात पाणी येतं ना? भाऊजींना नमस्कार.

मॅडम साडेनऊला येतात. ती मुलगी नऊलाच येते.

तुझी,
सुधा