निवांत रॅप आणि पुढची रांग

संपादक महोदय,

प्रवासात एखादी संध्याकाळ मोकळी मिळाली की मैदानातला किंवा टेकडीच्या उतारावरचा रॅपचा कार्यक्रम गाठणारे वाचक आता बरेच आहेत. पर्यटन पुरवण्यांतून त्यांना हटकून मिळणारा सल्ला म्हणजे लवकर जा आणि पुढची जागा धरा. दणदणीत, नाचवणाऱ्या रॅपला तो चालून जाईल. मिनिटाला 85-95 ठोक्यांच्या निवांत रॅपला मात्र तो साफ चुकीचा आहे. ध्वनिव्यवस्थेच्या कामातले लोक म्हणून त्याबद्दल लिहीत आहोत.

या प्रकारात रॅपर शब्द नेमका ठोक्यावर टाकत नाही, किंचित मागे रेंगाळतो. हे रेंगाळणे सेकंदाच्या काही शतांश भागांचे, पण सगळी गंमत त्यातच. 20 अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे दर 10 मीटरला जवळजवळ 3 शतांश सेकंद लागतात. एकच शब्द दोन स्पीकरांमधून वेगवेगळ्या वेळी कानावर आला की ते रेंगाळणे पुसले जाते. अंतरातला फरक 17 मीटरच्या पुढे गेला तर शब्द चक्क दोनदा ऐकू येऊ लागतो.

पुढच्या रांगेची अडचण वेगळी. सबवूफर, म्हणजे बास (खालचे स्वर) वाजवणारे मोठे स्पीकर, बहुधा मंचाखाली, कठड्याला लागून असतात आणि आवाजाचे मुख्य स्पीकर उंच टांगून मागच्या गर्दीकडे रोखलेले असतात. मंचाच्या कडेला छोटे पूरक स्पीकर नसतील तर शब्द डोक्यावरून जातात आणि छातीत नुसता बास घुमतो. जोरकस खालचे स्वर वरच्या स्वरांना झाकतात, आणि व्यंजने ओळखू येतात ती मुख्यतः 2 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. त्यात 1980 साली आलेल्या रोलँड टीआर-808 या ड्रम मशीनचा लांबत जाणारा किक (मोठ्या ढोलाचा खोल ठोका) या संगीतात मुरलेला. ठोका संपला तरी त्याची शेपटी शब्दावर बसून राहते.

मग उभे कुठे राहायचे? मिक्सरजवळ, म्हणजे आवाज जुळवण्याच्या यंत्राजवळ. साउंड इंजिनियर तिथेच उभा राहून आवाज जुळवतो. मोठ्या मैदानात ही जागा मंचापासून साधारण 25 ते 40 मीटरवर असते. तिथेही अगदी मध्यरेषेवर नको, कारण डाव्या-उजव्या सबवूफरचा बास तिथे एकत्र येऊन फुगतो. दोन-चार पावले बाजूला सरकले तरी फरक कळतो. मिक्सरच्या तंबूच्या छपराखाली शिरू नका. उतारावर बसणार असाल तर टांगलेला स्पीकर डोळ्यांना दिसला पाहिजे, रॅपर दिसला नाही तरी हरकत नाही. समोरची माणसे उभी राहिली की आधी व्यंजने जातात, बास येतच राहतो. वारा तुमच्याकडून मंचाकडे वाहत असेल तर फार मागे राहू नका, आवाज वर वळून डोक्यावरून निघून जातो. तापलेल्या दुपारीही तेच. सूर्यास्तानंतर जमीन निवली की लांबचेही नीट ऐकू येते, म्हणून मुख्य कलाकार अंधार पडल्यावर असेल तर मागची हिरवळ मुळीच वाईट नाही.

फोमचे इयरप्लग शब्दांचेच स्वर जास्त कापतात. फिल्टरचे घ्या, ते सगळे स्वर बऱ्यापैकी सारखे कमी करतात. आणि घ्याच. 85 डेसिबलला 8 तास सुरक्षित मानले तर दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटे.

काही दोष प्रेक्षकाच्या हातात नाहीत. माइकची जाळी मुठीत धरली की माइक चहूकडून आवाज ओढतो, शिट्टी मारतो आणि शब्द भरड होतात. त्याहून वाईट म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातला मुख्य आवाज तसाच ठेवून त्यावर रॅप करणे. ध्वनिमुद्रणातले रेंगाळणे एक, मंचावरचे दुसरे. दोन्ही एकमेकांना खोडतात. मुख्य आवाज काढलेला ट्रॅक वापरणे अवघड नाही. 1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये दिव्याच्या खांबातून वीज घेऊन बागांत असे कार्यक्रम होत, तेव्हाही माइकवरचे बोलणे जिवंतच असे.

आता प्रवाशांपुरते. गाण्यांची भाषा परकी असेल तर तीन-चार गाण्यांचे शब्द आधी वाचून ठेवा. मोठी बॅग मुक्कामीच राहू द्या, अनेक ठिकाणी ती आत सोडत नाहीत. गर्दीत नेटवर्क कोलमडते, तेव्हा तिकीट आधीच फोनवर उतरवा. काही तिकिटांचा कोड सतत बदलतो, त्याचा स्क्रीनशॉट दारावर चालत नाही. तिकिटावरची वेळ पुष्कळदा दार उघडण्याची असते, मुख्य कलाकाराची नव्हे. आयोजकांनी कार्यक्रम संपण्याची वेळही छापावी आणि पुरवण्यांनी ती द्यावी, म्हणजे शेवटची गाडी आहे की नाही हे तिकीट काढण्याआधीच पाहता येईल.

– ध्वनिव्यवस्था क्षेत्रातील काही वाचक