गाभण मादी आणि आदिमानवाची बुद्धी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या शैलचित्रांवरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख होती, पानभर जागा दिलीत त्याबद्दल आभार. पण 'आदिमानवाने डोळ्यांना दिसले ते फावल्या वेळात दगडावर उतरवले' हे त्यातले वाक्य मला अजिबात पटले नाही. माझी सगळी नोकरी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेली. त्यामुळे जनावरांच्या अंगानेच या वाक्याला हरकत घेतो.

भीमबेटका आणि रायसेन-भोपाळ भागातल्या शैलाश्रयांत, म्हणजे खडकांच्या कपारीतल्या निवाऱ्यांत, काही जनावरांच्या अंगाच्या रेषेआत पोटातलेही काढलेले आहे. कुठे आतडी, कुठे गर्भ. अभ्यासक याला क्ष-किरण शैली म्हणतात. अशा एका गाभण मादीचे चित्र मी पुण्यातल्या एका व्याख्यानात पडद्यावर पाहिले आणि पुढचे व्याख्यान माझ्या कानात शिरले नाही.

गाय गाभण आहे का हे तपासताना आम्ही शेणाच्या वाटेने हात घालून गर्भाशय चाचपतो. सुरुवातीच्या महिन्यांत बोटांना पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे लागते. मधे गर्भाशय पोटात खाली उतरते आणि हाताला नीट येत नाही. सातव्या महिन्यानंतर मात्र खूर, गुडघा, कधी नाक लागते. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही. ते वासरू डोळ्यांनी पाहायचे तर गाय मेलेली हवी आणि पोट फाडलेले हवे.

शिकाऱ्यांनी तसे पाहिले असणार. पण चित्रातली मादी मेलेली नाही, चार पायांवर उभी आहे. म्हणजे चितारणाऱ्याने फाडलेल्या शिकारीच्या पोटातले लक्षात ठेवले, रानातली जिवंत मादी लक्षात ठेवली आणि दोन्ही एका अंगात बसवले. हे दृश्य कुणाच्याच डोळ्यांना कधी दिसत नाही. आमच्याकडचे जुने धनगर मेंढीची चाल आणि कास पाहून व्यायला किती दिवस उरलेत ते सांगतात. तीच जाण इथे आहे. शिवाय आपल्याला उमगलेले दुसऱ्यालाही रेषेतून कळेल, हा भरवसाही आहे. तो नसता तर गेरू घोटायचे कष्ट कुणी घेतले असते?

दुसरे चित्र मी भीमबेटकाला जाऊन पाहिले आहे. शैलाश्रय क्रमांक 15 मध्ये एक अवाढव्य जनावर चिमुकल्या माणसाच्या मागे लागले आहे. मुस्कट रानडुकराचे आणि डोक्यावर शिंगे. डुकराला सुळे असतात, शिंगे नसतात. उलट गाईबैल, गवा या शिंगवाल्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, सुळे तर नाहीतच. जनावर मारून, सोलून, वाटून खाणाऱ्याला हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्याने चुकून शिंगे काढली असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. जे जनावर या पृथ्वीवर नाही ते त्याने जाणूनबुजून घडवले. इंडोनेशियात सुलावेसी बेटावरच्या एका गुहेत शिकारीचे चित्र आहे, त्यातल्या शिकाऱ्यांना माणसाची अंगे आणि प्राण्यांची तोंडे-शेपट्या आहेत. 2024 मध्ये आलेल्या मोजणीनुसार ते किमान 48 हजार वर्षांपूर्वीचे आहे. 'दिसले ते काढले' हे तिथेही लागू पडत नाही.

आता 'फावल्या वेळा'बद्दल. भीमबेटका परिसरात सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत आणि चित्रे आहेत ती चारशेच्या वर ठिकाणी. म्हणजे कोरा दगड हवा तेवढा होता. तरी 'झू रॉक' नावाच्या शिळेवर हत्ती, सांबर, गवे, चितळ एकमेकांच्या अंगावर काढलेले आहेत, जुन्या रंगावर नवा रंग. विरंगुळाच करायचा तर शेजारची मोकळी भिंत काय वाईट होती? ती विशिष्ट शिळा त्यांना पिढ्यान्‌पिढ्या महत्त्वाची वाटत होती, असे मला वाटते. का, ते मला सांगता येणार नाही.

लेखात चित्रांचे वय सरसकट तीस हजार वर्षे दिले आहे, तेही खटकले. सुलावेसीत चुनखडीच्या गुहा आहेत. तिथे चित्रावर चुन्याचा पापुद्रा चढतो आणि त्यातल्या युरेनियमवरून निदान पापुद्र्याचे वय काढता येते. भीमबेटकाचा दगड वालुकाश्म, रंग बहुतेक गेरूचा, म्हणजे लोहाचा. गेरूत कार्बन नसल्याने त्याचे वय कार्बन पद्धतीने निघत नाही. शिकारीची बरीचशी चित्रे मध्याश्मयुगातली, म्हणजे अश्मयुगाच्या मधल्या टप्प्यातली मानतात, आणि तलवारी घेतलेले घोडेस्वार तर उघडच ऐतिहासिक काळातले आहेत. एकाच भिंतीवर हजारो वर्षांचे थर असताना सगळ्याला एकच आकडा चिकटवणे बरोबर नाही.

पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर 1957 मध्ये आगगाडीतून जाताना हे खडक पाहून उतरले आणि चालत तिथे पोचले, हे लेखात आले ते छान झाले. पण यशोधर मठपाल यांचे नाव राहून गेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून संशोधन करताना त्यांनी जागेवर बसून या चित्रांच्या हाताने प्रतिकृती केल्या. दगडावर पुसट झालेल्या रेषा त्या प्रतिकृतींत स्वच्छ वाचता येतात. पुरवणीत पुन्हा या विषयाला जागा मिळाली तर योग्य ती परवानगी घेऊन त्यातल्या काही छापाव्यात, आणि त्यांत ती गाभण मादी असेल तर जरूर असावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक
तासगाव, जि. सांगली