१७ कलमांची वाटणी

चि. मुक्तास,

परवा फोनवर म्हणालीस ना, की आठवीची पोरं गोष्ट ऐकतात पण फळ्याकडे वळलं की लगेच जांभया. तेव्हा पोफळींना पाणी सोडलेलं, नीट बोलता आलं नाही म्हणून आता टाईप करतेय, शुद्धलेखन बघू नको.

मला वाटतं तू गोष्ट सांगून संपवतेस आणि मग गणित काढतेस. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथाचंच बघ. घटिकापात्रात, म्हणजे वेळ मोजायच्या पाण्यातल्या वाटीत, मोती पडला नि त्यांच्या मुलीच्या, लीलावतीच्या, लग्नाचा मुहूर्त टळला हे सगळेच सांगतात, अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरात ती कथा आहे, पण ती दंतकथाच म्हणायची आणि मुख्य म्हणजे त्यात गणित कुठंय? उलट खुद्द ग्रंथात, ११५० सालच्या, मोर आणि साप आहेत बघ. ९ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, साप २७ हातांवरून बिळाकडे निघालाय आणि मोर तिरपी झेप घेतो, दोघं सारखंच अंतर कापतात, तर मोराने त्याला गाठला कुठे? बिळापासून १२ हातांवर. पायथागोरस लावल्याशिवाय पुढे काय झालं तेच कळत नाही, अशी गोष्ट पाहिजे.

ब्राझीलचे एक गणिताचे मास्तर मालबा तहान असं अरबी नाव घेऊन असल्या गोष्टी लिहायचे, त्यांच्या वाढदिवसाला, ६ मे ला, तिथे गणित दिवस पाळतात म्हणे. त्यांची उंटांची वाटणी प्रसिद्ध आहे. पण आपल्या पोरांना उंट कशाला, वाटणी म्हटलं की कोकणात कोणीही कान टवकारतो! १७ हापूसची कलमं, बापाने सांगून ठेवलेलं, थोरल्याला अर्धी, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा. कलम तोडायचं नाही. भाऊ कोर्टात जायच्या बेतात, तेवढ्यात शेजारची म्हातारी म्हणते माझं एक धरा. झाली १८. मग ९, ६ आणि २, बेरीज १७, म्हातारीचं कलम म्हातारीला. (सातबाऱ्यावर चढलं असतं तर बिचारीला परत मिळालं नसतं, असं तुझे बाबा म्हणतात.) इथे थांब आणि काही समजावू नको. कोणीतरी विचारेलच की हे जमलं कसं, मग तिन्ही हिस्से फळ्यावर मांडायचे, १८ पैकी १७ च भरतात. बापाने सगळं वाटलंच नव्हतं!

आणि डहाणूत राहून गणितज्ञ कापरेकर सांगितले नाहीस तर कमाल आहे, १९०५ साली तिथेच जन्मले, पुढे देवळालीला शाळामास्तर. ३५२४ घे, अंक उतरते लावून त्यातून चढते वजा कर, ५४३२ वजा २३४५, ३०८७. परत तसंच, ८३५२. परत, ६१७४, आणि मग तिथेच अडकतं. चारही अंक सारखे नसले की झालं, जास्तीत जास्त ७ फेऱ्यांत ६१७४ येतंच. पोरांना येताजाता गाड्यांच्या नंबरांवर करू दे.

आमसुलं आणि कुळथाचं पीठ एसटीने पाठवतेय. कलमांची गोष्ट सांगितलीस की प्रश्न आधी कोणी विचारला ते कळव, माझी पैज मागच्या बाकावर.

आई