दादा, तुमच्या त्या एका प्रश्नासाठी थँक्यू

दादा, फोनवर नुसतं थँक्यू म्हणून झालं पण समाधान होईना, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

गाडी मागून बसलेली, पाच जण आणि डिकी भरली की समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर मारायचा, त्याला वाटायचं मी हाय बीमवर आहे. मी तर नवीन शॉकअप आणि स्प्रिंगच्या वेढ्यांमधे (कॉइलमधे) घुसवायचे रबर बफर कार्टमधे टाकून बसलो होतो. तुम्ही एवढंच विचारलंत, "रिकामी असताना किती बसते ते मोजलंस का?"

नव्हतं मोजलं! मग पोराला टॉर्च धरायला लावून सपाट जागेवर टेप लावली, तुम्ही सांगितलं तसं जमिनीपासून नाही तर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत, म्हणजे टायरमधल्या हवेचा घोळ नको. उजवीकडे 38 सेंमी, डावीकडे साडेछत्तीस. जॅक लावून बघतो तर डाव्या स्प्रिंगचा खालचा वेढा तुटून टोक तसंच स्प्रिंग बसते त्या खालच्या वाटीत पडलेलं. यात शॉकअप काय करणार होता? तो उसळी आवरतो, वजन स्प्रिंगच पेलते. आणि बफर टाकले असते तर तिथले वेढे जाम होऊन सगळा ताण उरलेल्यांवर आला असता, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

दोन्ही स्प्रिंग बदलल्या, आता दोन्हीकडे 39. पण कंपनीच्या मूळ स्प्रिंगइतक्याच कडक असल्यामुळे लोड टाकला की पूर्वीसारखीच साडेसात सेंमी बसते. मी म्हटलं हेवी ड्युटी, म्हणजे जास्त कडक स्प्रिंग टाकू, तर तुम्ही म्हणालात वर्षातून चारदा फुल लोड आणि बाकी दिवस एकटा, कंबर कामाला लागेल तुझी (खरंय, आधीच लागलीय). म्हणून कॉइलच्या आत हेल्पर एअरबॅग (स्प्रिंगला आधार देणारी, हवा भरायची पिशवी), दोन्ही बाजूंना वेगळे व्हॉल्व, कारण एकच पाइप असला तर वळणावर हवा एका बाजूची दुसऱ्या बाजूला पळते. हवा भरून फुल लोडला आता 36 मिळतंय, गाडी रिकामी असताना एअरबॅगच्या कंपनीने सांगितलेलं मिनिमम प्रेशर ठेवतो. आणि हो, मागचा भाग वर आला म्हणून गाडीची वजन न्यायची लिमिट वाढत नाही हे तुम्ही तीनदा बजावलंत, लक्षात आहे, चौथ्यांदा नको.

हेडलाइट सेटिंग तेवढं राहिलंय, रविवारी भिंतीवर उजेड पाडून करतो. तुटलेला तुकडा टेबलावर ठेवलाय, बायको म्हणते फेकून दे. नाही फेकणार. मनापासून आभार, दादा.