घराचे नूतनीकरण सांगाड्यापासून सुरू व्हावे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नवी मुंबईतील जुन्या घरांचा विषय निघाला की चर्चा सोसायट्यांच्या पुनर्विकासाभोवतीच फिरते. वाढीव चटईक्षेत्र, विकासकाची निवड, घर रिकामे केल्यानंतरचे भाडे हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. परंतु वाशी, नेरूळ, ऐरोली या नोडमधील (वसाहतींमधील) रो-हाउसमध्ये, म्हणजे एकमेकांना लागून बांधलेल्या स्वतंत्र घरांमध्ये, राहणाऱ्या ज्या कुटुंबांना पुनर्विकास नको आहे किंवा एवढ्याशा भूखंडावर तो शक्यच नाही, आणि ज्यांना आहे तेच घर पुढच्या पिढीसाठी नीट करून घ्यायचे आहे, त्यांच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. आमच्या कुटुंबात सध्या अशाच एका मोठ्या कामाची आखणी चालू आहे. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि पाहिले त्यावरून एक मुद्दा आपल्या वाचकांपुढे, आणि जमल्यास महापालिकेपुढेही, ठेवावासा वाटतो.

नूतनीकरण ठरले की घरात पहिला वाद स्वयंपाकघराच्या ओट्यावरून आणि लादीच्या रंगावरून होतो, आणि ठेकेदारही तिथूनच भाव सांगू लागतो. हा क्रम उलटा आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० सालची. तिने बांधलेली पहिल्या दोन दशकांतील घरे आज तीस वर्षांच्या पलीकडे गेलेली आहेत, आणि तीस वर्षे उलटलेल्या इमारतीची नोंदणीकृत अभियंत्याकडून संरचनात्मक तपासणी करून घेण्याची जबाबदारी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ ने मालकावर टाकलेली आहे. सोसायटीला निदान नोटीस येते आणि सर्वसाधारण सभेत तिच्यावर आरडाओरडा तरी होतो. स्वतंत्र घराचा मालक मात्र ही तरतूद आपल्याला लागू नाही असेच बहुधा गृहीत धरतो.

तपासणी म्हणजे भिंतीवर नजर टाकून दिलेला दाखला नव्हे. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये मुरत जातो, काँक्रीटचा अल्कधर्म कमी होतो आणि आतल्या सळईला मिळणारे संरक्षण जाते. त्यात खाडीकाठची दमट, खारी हवा आणि बाथरूमची झिरप यांची भर पडली की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटचा थर खपल्यांनी सुटू लागतो. हा प्रकार कितपत खोल गेला आहे हे पाहण्यासाठी ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचा द्राव शिंपडतात. निरोगी भाग गुलाबी होतो, बिघडलेला रंगहीन राहतो. याखेरीज काँक्रीटचा कठीणपणा पाहणारा रिबाउंड हॅमर, ध्वनिलहरींची चाचणी, सळईच्या गंजाचा अंदाज देणारी हाफ-सेल चाचणी, गरज पडल्यास काँक्रीटचा दंडगोल नमुना (कोअर) कापून काढणे, हे सगळे एकूण खर्चाच्या मानाने लहानच काम आहे. तरीही अंदाजपत्रकात कात्री लागते ती याच ओळीला. सुटलेली खपली काढून सिमेंटचा हात मारायचा आणि त्याखाली पीओपीचे फॉल्स सीलिंग बसवायचे, ही पद्धत तर मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यानंतर स्लॅबच्या पोटाला पडलेली भेग कोणालाच दिसत नाही.

वजनाचा हिशेबही कोणी मांडत नाही. जुनी लादी उखडण्याचा त्रास आणि डेब्रिज (राडारोडा) वाचवण्यासाठी तिच्यावरच नवी लादी बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पन्नास मिलिमीटर मसाला आणि वर लादी धरली तर दर चौरस मीटरला सुमारे १२० किलो वजन वाढते. राहत्या खोलीच्या स्लॅबवर माणसे आणि सामान यांचा मिळून जो भार भारतीय मानकानुसार धरतात, तो चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास असतो. म्हणजे त्यातला निम्म्याहून अधिक वाटा नुसत्या फरशीनेच खाल्ला. गच्चीवर गळती थांबवण्यासाठी विटांच्या तुकड्यांच्या जुन्या ब्रिकबॅट कोब्यावर दुसरा कोबा घालतात, हजार लिटरची टाकी चढवतात (ती भरली की पाणीच एक टन), आणि शेवटी पत्र्याची शेड येते. यातील एकेक गोष्ट कदाचित घर सहन करील, पण सर्व मिळून ते किती सहन करील हे मूळ पाया कशासाठी बांधला होता त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे काही सेक्टर तर खाडीकाठच्या भरणी केलेल्या जमिनीवर उभे आहेत, तेव्हा वर आणखी एक खोली चढवण्याचा बेत करणाऱ्याने प्रथम जमिनीखाली काय आहे ते विचारावे.

घाटकोपरची साईदर्शन इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून सतरा जणांचा जीव गेला, तेव्हा तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. रो-हाउसच्या मालकाला ही गोष्ट दूरची वाटेल. पण आपली एक भिंत शेजाऱ्याचीही असते आणि आपल्याकडे ब्रेकर चालला की हादरा त्याच्या घरालाही बसतो. आमच्या मुलाला व सुनेला हॉल आणि स्वयंपाकघर यांमधील भिंत काढून जागा मोकळी हवी आहे, आणि त्यांची मागणी मला चुकीची वाटत नाही. परंतु ती नुसती विटांची आडभिंत आहे की वरचा भार तिच्यावर आहे, हे मूळ आराखडा पाहून आणि थोडा गिलावा फोडूनच कळेल. मुकादमाच्या ‘काही होत नाही, साहेब’ या आश्वासनावर ती पाडण्याची माझी तयारी नाही.

इथे कायद्याची एक अडचण आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ४३ नुसार केवळ घराच्या आतील भागापुरते किंवा बाह्य स्वरूपात विशेष फरक न करणारे दुरुस्तीचे काम परवानगीतून वगळलेले आहे, तर महानगरपालिका अधिनियमाचे कलम २५४ घर राहण्याजोगे ठेवण्यासाठीच्या दुरुस्त्या सोडून इमारतीचा भाग काढण्याच्या किंवा बदलण्याच्या कामाची सूचना आयुक्तांना द्यावी असे सांगते. सामान्य माणूस पहिली तरतूद ऐकतो आणि आतले काहीही तोडायला आपण मोकळे आहोत असे समजतो. प्रत्यक्षात खिडकीचा चज्जा वाढवण्यापेक्षा आतली भिंत काढणे कितीतरी अधिक जोखमीचे असू शकते. याबाबत एका कार्यालयात चौकशी केली असता दोन टेबलांवर दोन उत्तरे मिळाली, आणि घराचा मूळ संरचनात्मक आराखडा तर सापडलाच नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्यापुढेही लेखी स्पष्टता नसावी.

वेळापत्रकाबद्दल थोडे. पाऊस संपला की दुरुस्तीचा विचार सुरू करायचा, ही आपली सवय. खरे तर पाहणी पावसातच करावी, कारण ओल कुठून येते ते जुलैमध्ये दिसते आणि जानेवारीत त्याच भिंतीवर रंगाखाली काही कळत नाही. ओलीच्या जागांचे दिनांकासह फोटो घ्यावेत, पावसाळ्यातच अभियंत्याचा अहवाल, आराखडे आणि परवानगीचे अर्ज उरकावेत, आणि तोडफोड दिवाळीनंतर सुरू करावी. कोकणातले सुतार गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणार, उत्तरेकडचे कामगार छठपूजेला आणि होळीला जाणार, हे धरूनच दिवस मोजावेत. दर चौरस फुटाचा ठोक भाव न घेता बाबवार अंदाजपत्रक मागावे. पाडकामानंतर स्लॅबची अवस्था दिसेपर्यंत सजावटीच्या कोणत्याही सामानाचे पैसे देऊ नयेत. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर लादी बसवण्यापूर्वी किमान चोवीस तास पाणी साठवून पाहावे, आणि ठेकेदाराच्या बिलातील काही रक्कम पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवण्याचे करारातच लिहून घ्यावे. वायरिंग पूर्ण बदलावी. एक पंखा आणि दोन दिव्यांसाठी टाकलेल्या तारांवर एसी आणि गिझर चालवणे योग्य नव्हे. घरात वृद्ध असतील, आणि पुढे आपण सगळेच होणार आहोत, तर तळमजल्यावर एक बाथरूम उंबरठ्याविना आणि आधाराच्या दांड्यांसह आताच करून घेतलेले बरे.

महापालिकेकडे आणि सिडकोकडे माझी विनंती मर्यादित आहे. स्वतंत्र घरांच्या आतील कोणत्या कामांना परवानगी लागत नाही, कोणत्या कामांची सूचना द्यावी लागते आणि कोणत्या कामांना अभियंत्याचा दाखला सक्तीचा आहे, हे सोप्या मराठीत एका पानावर छापून प्रत्येक विभाग कार्यालयात लावावे. सिडकोने बांधलेल्या घरांचे प्रकार ठरावीक आहेत. त्या प्रत्येक प्रकाराचे कॉलम, बीम आणि पाया दाखवणारे नकाशे अभिलेखातून शोधून संकेतस्थळावर ठेवले, तर एकेका मालकाला स्वतंत्र अर्ज करण्याची गरज उरणार नाही. आणि परवानगी देतानाच डेब्रिज कुठे आणि कोणत्या दराने स्वीकारले जाईल हेही त्याच कागदावर लिहून द्यावे, म्हणजे गोण्या भरलेले टेम्पो रात्री खाडीच्या कांदळवनाकडे वळण्यास निमित्त राहणार नाही.

आपला,
एक वाचक, नेरूळ