कार्यक्रम शेवटच्या रांगेत बसून आखायचा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सत्राचं कॅलेंडर मिळालं. नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत, विद्यार्थी मंडळांचा मेळा, दोन जाहीर व्याख्यानं, मैदानावरचा चित्रपट आणि शेवटी माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा. सहा आठवड्यांत एवढं सगळं, आणि सगळं तुझ्या गळ्यात! पाहुण्यांबद्दल आणि व्यासपीठाच्या सजावटीबद्दल तू भरभरून लिहिलं आहेस, शेवटच्या रांगेबद्दल मात्र एक ओळही नाही. मला सगळ्यात जास्त काळजी त्या रांगेचीच वाटते. तिथे बसलेल्याला ऐकू आलं, दिसलं आणि वेळेवर आत शिरता आलं, तर पुढच्यांचं आपोआप नीट होतं.

आधी तारखांचं बघू. सगळे कार्यक्रम एका कागदावर उतरव आणि शेजारी परीक्षा, प्रकल्प जमा करण्याच्या मुदती आणि तासांच्या वेळा लिही. तास चारला सुटत असेल तर व्याख्यान चार वाजून वीस मिनिटांनी ठेव. बरोब्बर चारला ठेवलंस तर वक्त्याच्या पहिल्या दहा मिनिटांत अर्धं सभागृह दार उघडझाप करत आत येईल. सभागृहाचं आरक्षण कार्यक्रमाच्या दोन तास आधीपासून घे, कारण आधीचा कार्यक्रम लांबला की तुझी ध्वनिचाचणीच पहिली कापली जाते. मंडळांचा मेळा सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात बरा. पहिल्या आठवड्यात मुलं अजून वर्ग शोधत असतात, आणि महिना उलटला की त्यांचे गट ठरून गेलेले असतात.

आता दाराशी. स्वागताला ३०० जण येणार म्हणतोस आणि नावनोंदणीला एक टेबल ठेवलं आहेस. हिशेब करून बघ. नाव शोधणं, खूण करणं, बिल्ला देणं यात माणशी २० सेकंद धर. म्हणजे एका टेबलावरून मिनिटाला तिघं आत जातात आणि ३०० जणांना १०० मिनिटं लागतात. सगळे शेवटच्या वीस मिनिटांत येणार, म्हणजे मिनिटाला १५ जण, त्यांना किमान पाच टेबलं हवीत. पण लोक घड्याळ लावून सारख्या अंतराने येत नाहीत, घोळक्याने येतात, म्हणून सात मांड. आडनावाच्या अक्षरांप्रमाणे वेगळ्या रांगा लावू नकोस. काही अक्षरांची आडनावं भरमसाट असतात, मग एक रांग दाराबाहेर जाते आणि शेजारचा स्वयंसेवक रिकामा बसतो. रांग एकच ठेव, आणि जे टेबल मोकळं होईल तिकडे पुढचा माणूस पाठव. कुणाचं नाव यादीत सापडलं नाही तर तेवढं एकच टेबल अडतं. अशा अडलेल्यांसाठी बाजूला आठवं टेबल ठेव आणि तिथे यादी दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला माणूस बसव. टेबलं दारापासून दहा पावलं तरी आधी हवीत. उंबऱ्यातच मांडली तर आत गेलेला माणूस तिथेच थबकून मित्राची वाट बघतो आणि मागचे सगळे खोळंबतात.

गर्दीच्या बाबतीत एक आकडा मनात पक्का ठेव. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं उभी असली की दाटी झाली. पाच-सहांच्या पुढे माणूस आपल्या मनाने हलू शकत नाही, लोंढा नेईल तिकडे जातो. तिथपर्यंत गोष्ट जाऊच देऊ नकोस. बाहेर पडायच्या प्रत्येक दाराचं कुलूप काढलं आहे का, हे कुणी सांगितलं म्हणून मानू नकोस, स्वतः ढकलून बघ. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराची मापंही घे. एक फूट चढायला उतार किमान बारा फूट लांब हवा. त्या खुर्चीची जागा कोपऱ्यात ढकलू नकोस. इतर खुर्च्यांच्या ओळीतच ठेव, म्हणजे सोबतच्याला शेजारी बसता येईल.

आवाजावर जरा जास्त लिहितो, कारण व्याख्यानं इथेच बुडतात. तू लिहिलं आहेस की मागच्यांना ऐकू यावं म्हणून सभागृहाच्या मध्यावर आणखी दोन स्पीकर लावणार. लाव, पण त्यांना उशीर द्यायला सांग, म्हणजे त्यांच्यातून आवाज किंचित मागून सुटला पाहिजे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तारेतून मात्र तो तत्क्षणी पोहोचतो. व्यासपीठापासून १७ मीटरवरचा स्पीकर शब्द आधी बोलून टाकतो आणि पुढच्या स्पीकरचा तोच शब्द ५० मिलिसेकंद मागून येतो. मागे बसलेल्याला प्रत्येक अक्षर दुहेरी लागतं. आवाज मोठा असतो आणि अर्थ लागत नाही, अशी तक्रार येते ती यामुळेच. मधल्या स्पीकरला त्या ५० मिलिसेकंदांचा उशीर द्यायचा आणि वर आणखी दहा-पंधरा. कान आधी पोहोचलेल्या आवाजाची दिशा धरतो, हे जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवलं. त्यामुळे आवाज जवळच्या स्पीकरचा असला तरी तो वक्त्याकडूनच येतोय असं वाटतं.

माईक शिट्टी मारायला लागला की सगळे आधी आवाज कमी करायला धावतात आणि मग मागच्यांचं ऐकणंच बंद होतं. शिट्टी वाजते कारण स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरून पुन्हा स्पीकरमध्ये येतो आणि हे चक्र फिरत राहतं. म्हणून स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला असावेत. वक्त्याने माईक तोंडापासून चार बोटांवर धरावा. अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो, तेही यंत्राला हात न लावता. माईकची जाळी मुठीत धरायची नाही, मुठीत आली की तो सगळीकडचा आवाज ओढतो. आणि ज्या माईकवर कुणी बोलत नाही तो बंद. चार माईक उगाच चालू ठेवून शिट्टी कुठून येते ते शोधत बसण्यात वेळ जातो. प्रश्नोत्तरांसाठी दोन माईक मधल्या वाटेत फिरते ठेव. माईक पोहोचायच्या आत कुणी प्रश्न विचारलाच, तर सूत्रसंचालकाने तो पुन्हा सांगायचा, ही अट त्याला आधीच घाल.

रिकाम्या सभागृहात केलेली चाचणी फसवी असते, हेही लक्षात असू दे. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. रिकाम्या हॉलमध्ये घुमणारा आवाज भरल्यावर आवळतो आणि दबतो, म्हणून आवाजाची पातळी थोडी वर न्यायला जागा शिल्लक ठेव. उष्णतेचंही तसंच. बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो, ३०० जण म्हणजे ३० किलोवॉट. गारवा करायचा तो दार उघडायच्या तासभर आधी. लोक बसल्यावर यंत्र लावलं तर ते शेवटपर्यंत मागेच राहतं.

विजेचं एकच सांगतो. गुंडाळीची एक्स्टेंशन वायर पूर्ण उलगडूनच वापर. गुंडाळलेल्या वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि आतलं प्लास्टिक वितळतं. जमिनीवरून गेलेली वायर कापडी टेपने पूर्ण लांबीभर चिकटव, फक्त दोन टोकांना नको.

पोस्टरचं अक्षर दहा फुटांवरून वाचायचं तर एक इंच उंच हवं. वार आणि तारीख दोन्ही लिही, एक चुकलं तर वाचणाऱ्याच्या लक्षात येतं. ‘नेहमीच्या सभागृहात’ असं कधीही लिहू नकोस. नव्या मुलाला नेहमीचं काहीच माहीत नसतं आणि त्याच्यासाठीच तर हे सगळं चाललंय. इमारत, मजला, कोणत्या दाराने, एवढं हवंच.

मंडळांच्या मेळ्यात वाद्यवृंद आणि वादविवाद मंडळ शेजारी मांडू नकोस. लोकप्रिय मंडळं प्रवेशापासून लांब आणि एकमेकांपासूनही लांब ठेव, नाहीतर पहिल्या चार टेबलांशीच कोंडी होते. क्यूआर कोड वाचायच्या अंतराच्या दहाव्या हिश्श्याएवढा तरी हवा. शेकडो फोन एकदम जोडले की नेटवर्क बसतं, म्हणून छापील तक्ते आणि दोऱ्याने बांधलेली पेनं हवीतच. नाव दिलेल्याला आठवड्याच्या आत निरोप गेला पाहिजे, हे प्रत्येक मंडळाकडून कबूल करून घे.

चित्रपटाला सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी लागते, घरी ऑनलाइन चित्रपट बघायच्या वर्गणीत ती येत नाही. सपाट मैदानावर पडद्याची खालची कड चार फुटांच्या वर ठेव, म्हणजे पुढच्यांच्या डोक्यांआड उपशीर्षकं जाणार नाहीत. पूर्ण काळोख व्हायच्या आत प्रोजेक्टर लावून उपयोग नाही.

स्नेहमेळाव्याला पार्श्वसंगीत नको, असं माझं ठाम मत आहे. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोम्बार यांनी १९११ साली याची नोंद केली. संगीतावर बोलायला सगळे ओरडतात, त्यांच्यावर ओरडायला शेजारचे, आणि वयस्कर माणसं गप्प होऊन कडेला जाऊन बसतात. ती बोलायलाच तर आलेली असतात.

दार उघडायच्या आधी शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बस आणि कुणाला तरी व्यासपीठावरून अनोळखी नावांची यादी वाचायला सांग. ओळखीचं वाक्य कान स्वतःच पुरं करतो, अनोळखी नाव करत नाही. दहापैकी दहा नावं कागदावर बरोबर उतरली, की लोकांना आत सोड.

पहिल्या व्याख्यानाच्या सभागृहाचा नकाशा आणि दारांची मापं पाठव. टेबलं आणि स्पीकर कुठे ठेवायचे ते त्यावर खुणा करून लगेच परत पाठवतो.

तुझा मित्र